काळे पाणी प्यालेला रांजण

मित्रांनो, माणिकबाईच्या मळ्याच्या बांधाला टेकून बसलेला हा मातीचा रांजण तुम्ही येता-जाता पाहता. कोणी माझ्यात खडा टाकतो. कोणी आत वाकून कूऽऽ करतो आणि माझ्या पोटातून परत आलेला आवाज ऐकून हसतो. हसा, मला ते आवडते. पण माझ्या आतल्या अंगाला हा काळा थर कशाचा बसला, हे मला आजवर कोणी विचारले नाही. म्हणून आज मीच सांगतो.

माझी माती पेढी नदीच्या काठची. मोतीराम कुंभाराने ती चाळली, तिच्यात लीद आणि राख कालवली, पायांनी तुडवून लोण्यासारखी केली. रांजण घडवायला फार धीर लागतो. आधी बूड, ते थोडे सुकले की पोट, मग खांदे, सगळ्यात शेवटी तोंड. आतून दगड धरायचा आणि बाहेरून लाकडी थापी मारायची, असे मोतीरामने मला हळूहळू फुगवत नेले. भट्टीत माझ्या सोबतचे काही रांजण तडकले. मी तडकलो नाही. मोतीराम माझ्याकडे पाहून म्हणाला, "हा टिकते." तेवढीच माझी पहिली शाबासकी.

बाजाराच्या दिवशी मोतीरामने मला खाचरात, म्हणजे लहान बैलगाडीत, कडबा अंथरून गावी आणले. आमचे गाव अमरावतीहून अकोल्याकडे जाणाऱ्या सडकेवरचे. तिथे एक उंच, सावळी बाई माझ्यापाशी थांबली. तिने बोटाच्या पेराने माझ्या अंगावर ठोकून पाहिले आणि कान लावून आवाज ऐकला. ती केशरबाई.

"एवढा मोठा रांजन कायले पाहिजे, बाई? घरी लगन हाये काय?" मोतीरामने विचारले.

"लगनच समज," केशरबाई म्हणाली. "आमच्या विहिरीले पानी लागलं."

तिच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे होते, ते मला पुढे तिच्याच घरी राहून कळले. गावाच्या खालच्या अंगाला तिची वस्ती होती. पिढ्यान् पिढ्या त्या वस्तीतल्या बायका गावच्या विहिरीपाशी घागरी घेऊन दूर उभ्या राहत. विहिरीवरच्या एखादीला दया आली, तर ती वरून पाणी ओतायची. नाही आली, तर उन्हात उभे राहायचे. छप्पन सालच्या दसऱ्याला वस्तीतली माणसे नागपूरला गेली आणि बौद्ध होऊन परत आली. केशरबाईचा नवरा डोमाजी कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. परत आल्यावर सगळ्यांना बसवून तो म्हणाला, "आता कोनापुढं घागर पसराची नाई. आपली विहीर आपन खंदू."

कामावर जाण्याआधी पुरुष खोदत. बायका मुरमाच्या टोपल्या वर आणत. केशरबाईच्या हाताची कातडी सोलून निघाली, ती तिने हळद लावून बांधली आणि पुन्हा टोपली उचलली. खडक लागला तेव्हा काहींनी सबल, म्हणजे लोखंडी पहार, टाकून दिली. डोमाजीने टाकली नाही. एके सकाळी त्याच्या सबलीखाली दगड फुटला आणि पायांना गार लागले. तो ओरडला नाही. त्याने डबा भरला, दोराला बांधला आणि वर पाठवला. वर केशरबाई उभी होती.

"पी," तो खालून म्हणाला. "हे कोनी ओतलेलं नाई."

त्या विहिरीची पहिली भरलेली घागर माझ्या पोटात रिकामी झाली. मित्रांनो, कोरड्या मातीला पाणी मिळते तेव्हा ती सुस्कारा सोडते. मीही सोडला. केशरबाईने मला दारापुढच्या मांडवाखाली बसवले, माझ्याभोवती ओले फडके गुंडाळले, वर लाकडी झाकण ठेवले. सडकेने जाणारे बैलगाडीवाले, तिवशाकडून येणारे कापसाचे व्यापारी, शाळेतून परतणारी पोरे, सगळे थांबून पाणी पीत. "केशरबाई, पानी का बर्फ हाये व हे!" असे कोणी म्हणाले की ती माझ्या खांद्यावर हात ठेवून हसायची. मोठा मुलगा धर्मपाल अमरावतीला शास्त्र शिकत होता. सुट्टीत घरी आला की तो आधी माझ्यातला एक तांब्या घशात रिकामा करी, मग आईला हाक मारी. ती माझी सुखाची वर्षे होती. सुखाची वर्षे सांगायला फार शब्द लागत नाहीत.

साठ साल उलटले असेल. गाव वाढत होते. नवीन घरे, नवीन दुकाने, तेलाची घाणी, भाजीचा मोठा बाजार. हा सगळा कचरा टाकायचा कुठे, असा प्रश्न नगरपालिकेला पडला. वस्तीच्या वरच्या अंगाला दगडाची एक जुनी खदान रिकामी पडली होती. हेल्यांच्या, म्हणजे रेड्यांच्या, गाड्या कचरा भरून तिकडे जाऊ लागल्या. सडलेली भाजी, राख, जिनिंगमधली घाण, पायखान्यांचा मैला, कातडी, मेलेली जनावरे, चिंध्या, सगळे त्या खड्ड्यात जाई.

डोमाजी चार माणसे घेऊन नगरपालिकेत गेला. परत आल्यावर त्याने मांडवाखाली बसून सांगितले.

"साहेब म्हनाला, गावाचा कचरा गावात ठेवाचा काय? खदान त रिकामीच हाये."

"मंग तुमी काय म्हनले?" केशरबाईने विचारले.

"म्हनलं, साहेब, आमी त्याच्या खाली राहातो. तं म्हने, वारा तुमच्याकडं येत नाई, वास येनार नाई."

ते खरेच होते. वारा दुसरीकडेच जाई. सगळ्यांनी वाऱ्याचा विचार केला. पाण्याचा विचार कोणाच्याच मनात आला नाही, डोमाजीच्याही नाही.

पण कचरा नुसता पडून राहत नाही, मित्रांनो. तो आतल्या आत सडतो, आणि त्याच्यावर पावसाचे पाणी पडले की तळातून काळा, चिकट रस पाझरतो. तो वाट शोधत खाली जातो. थोडा नाल्यातून वाहतो, थोडा जमिनीत मुरतो. एका पावसाळ्यात खदान कचऱ्याने भरली आणि वर ढीग चढू लागला. दुसऱ्या पावसाळ्याच्या अखेरीस माझ्या पोटातले पाणी बदलले.

ते मला सगळ्यांच्या आधी कळले, कारण रांजण पाणी नुसते साठवत नाही, ते अंगात झिरपू देतो. माझ्या बाहेरच्या अंगावर पिवळसर, बुळबुळीत घाम येऊ लागला. मला सांगता येत नव्हते. थोड्या दिवसांनी केशरबाईने झाकण काढले आणि नाकाला पदर लावला.

तिने हार मानली नाही. परतवाड्याच्या बाजारात मेळघाटातल्या बाया निवळीच्या बिया विकायला आणत. केशरबाईने त्या मागवल्या. माझ्या आतल्या अंगावर थोडे पाणी शिंपडून ती बी घासायची, गोल गोल, अगदी तळापर्यंत. मग पाणी भरायची. सकाळपर्यंत गढूळपणा खाली बसायचा आणि वर स्वच्छ पाणी राहायचे. काही दिवस बरे गेले. मग पाणी इतके पिवळे झाले की निवळी पुरेना.

दिवाळीला धर्मपाल आला. त्याने पाणी काचेच्या पेल्यात घेऊन उजेडाकडे धरले. दुसऱ्या दिवशी त्याने तुरटीचा खडा आणला, फडक्यात बांधला आणि माझ्या पाण्यात फिरवला. बारीक बारीक गुठळ्या धरल्या, हळूहळू खाली बसल्या. संध्याकाळी माझ्या तळाची रेघ वरून दिसत होती.

डोमाजीने तांब्या बुडवला आणि त्याचा चेहरा उजळला. "पाहा व! पयल्यासारखं साजरं झालं! पोरगं शिकलं तं विहीर वाचली."

"बाबा, तरी उकळून पेत जा," धर्मपाल म्हणाला. "निवळलं म्हनजे..."

"चुलीले पऱ्हाटीच्या काड्या पुरत नाईत, पानी कायनं उकळू?" डोमाजी हसला. "अन् उकळलेल्या पान्याले चव राहाते काय? मी खंदली हे विहीर. तिचं पानी मले काय करते?"

केशरबाईने त्याला एकदा सुचवले होते, की काही दिवस दुसरीकडून पाणी आणू. डोमाजी जेवता जेवता थांबला. "कुठून? गावच्या विहिरीवरून? आता कायदा झाला, कोनी अडवू शकत नाई, हे मले मालूम हाये. पन ते डोळे पाहातीन ना आपल्याकडं. म्हनतीन, आले परत." त्यानंतर तिने तो विषय काढला नाही.

हिवाळ्यात वस्तीत तापाची साथ आली. मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉइड. लहान पोरे आजारी पडली, उठली. एक म्हातारी गेली. मग डोमाजी पडला. सबल न टाकणारा तो माणूस खाटेवर असा वाळला की गोधडीखाली कोणी आहे असे वाटेना. त्याला पाणी लागे, सारखे पाणी लागे. केशरबाई माझ्यातला तांब्या भरून नेई. तुरटी फिरवलेले, काचेसारखे नितळ पाणी. शेवटी त्याला गाडीत घालून अमरावतीच्या दवाखान्यात नेले. गाडी परत आली तेव्हा तिच्यात केशरबाई एकटीच बसलेली होती. धर्मपाल मागून चालत होता.

त्या दिवशी कोणी माझ्यात तांब्या बुडवला नाही. धर्मपाल माझ्यासमोर जमिनीवर बसला आणि म्हणाला, "माय, डाक्तर म्हने पान्यातून आलं. दिसाले नितळ होतं, पन रोगाचे जंतू तुरटीनं मरत नाईत सारे. मीच फसवलं बाबाले."

केशरबाईचे डोळे कोरडे होते. "तू नाई रे बाप्पा. पान्यानं फसवलं आपल्याले."

दुसऱ्या दिवशी तिने आपल्या हाताने बाभळीच्या काट्या, म्हणजे काटेरी फांद्या, तोडून आणल्या आणि विहिरीच्या तोंडावर रचल्या. वस्तीतल्या बायका पाहत उभ्या होत्या. कोणी मदतीला पुढे झाली नाही, कारण ती तिची विहीर होती तशी त्यांचीही होती, आणि ती आपल्या हाताने बंद करायचे बळ कोणाच्याच अंगी नव्हते.

नाल्यापलीकडे माणिकबाई माळणीचा मळा होता. डोमाजी गेल्याचे कळल्यावर ती भेटायला आली. ती केशरबाईशेजारी बसली. मग म्हणाली, "माही मेथी जळाली, केशरबाई. नाल्याच्या अंगाची सारी पिवळी पडली. हे काळं पानी तुमच्या विहिरीत गेलं, उद्या माह्या विहिरीत यीन." पुढे ती म्हणाली, "तोवर माह्या विहिरीवरून पानी नेत जा."

केशरबाईने तिच्याकडे सरळ पाहिले. "दोर आमी टाकू, का तुमी वरून ओतसान?"

 माणिकबाई उठून गेली. मला वाटले, संपले. सकाळी केशरबाई घागर घेऊन मळ्यात गेली. त्या वेळी काय घडले, ते तिने परत येऊन वस्तीतल्या बायकांना माझ्याच शेजारी उभे राहून सांगितले. विहिरीच्या काठावर माणिकबाई उभी होती. झोपडीच्या दारातून तिची सासू पाहत होती. माणिकबाईने सासूकडे पाहिले, विहिरीकडे पाहिले, मग बादलीचा दोर उचलून केशरबाईच्या हातात दिला.

"दोर जुना हाये," ती म्हणाली. "जपून ओढजो."

हे सांगताना केशरबाई पहिल्यांदा रडली. डोमाजी गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती.

पण ती विहीर तरी किती दिवस चांगली राहणार? काळा पाझर थांबवायला हवा होता. नगरपालिकेत पुन्हा खेटे झाले. "पाहू" असे उत्तर मिळाले. मग केशरबाईने धर्मपालला गाठले. तो आता अकोल्याला शाळेत शास्त्र शिकवत होता, पण बाप गेल्यापासून घरी आला की माझ्याकडे पाहणे टाळी.

"मी पुन्हा तुरटीले हात लावनार नाई, माय," तो म्हणाला.

"पिवाले नको लावू. वाहून चाललेलं आहे ना, ते साफ कराले लाव. तुह्या बाबाची विहीर गेली. तिची जाऊ देऊ नको."

त्याने कचऱ्याच्या पायथ्याचे काळे पाणी बरण्यांत भरून आणले. माझ्यासमोर बरण्यांची ओळ मांडली. एकीत तुरटी, एकीत चुना, एकीत निवळी, एकीत शेवग्याच्या वाळलेल्या बियांचे पीठ. नुसत्या तुरटीने पाणी आंबट होई आणि तुरटीही फार लागे. नुसत्या शेवग्याने गाळ धरे, पण सावकाश, आणि पीठ जास्त पडले की पाणी आणखीच घाण मारू लागे. चुन्याने रंग पुष्कळ उतरे. मग त्याने एकात एक मिसळून पाहिले. बरणीत जमले. मोठ्या भांड्यात जमेल का, हे पाहायचे राहिले.

केशरबाई माझ्यापाशी आली. तिने माझ्यातले, माणिकबाईच्या विहिरीवरून आणलेले पाणी उपसून काढले.

"हा घे," ती म्हणाली.

धर्मपाल उठून उभा राहिला. "माय, मातीचा हाये तो. एकदा हे पानी याच्यात गेलं, तं पिवाचं पानी पुन्हा याच्यात कधीच ठेवता यीन नाई."

"मालूम हाये मले."

तिने तळहाताने माझा खांदा पुसला, तिथे धूळ नव्हती तरी. मग तीच पहिली बादली घेऊन आली.

मित्रांनो, ते पाणी माझ्या अंगात शिरले तेव्हा मला आजवर प्यालेले सगळे गोड पाणी आठवले. मी ओरडू शकत नव्हतो. ते आंबूस, जळके, कुजके पाणी माझ्या छिद्राछिद्रांत मुरत गेले. धर्मपालने आधी चुना टाकला, मग थोडी तुरटी, मग शेवग्याचे पीठ. लाकडी दांड्याने आधी जोरात ढवळले, मग अगदी हळू, बाळाला थोपटावे तसे. आणि माझ्या पोटात काळ्या गुठळ्या जमल्या. फाटलेल्या दुधासारख्या त्या जड होऊन तळाला बसू लागल्या. दुपार कलली तेव्हा वर फिक्या चहाच्या रंगाचे पाणी होते आणि खाली काळा गाळ.

"झालं," पाहायला आलेली माणिकबाई कुजबुजली.

"पिवाचं नाई हे," धर्मपाल लगेच म्हणाला. "कधीच नाई. फक्त नाल्यात सोडल्यावर पिकाले कमी मारीन, एवढंच." हे वाक्य त्याने पुढे इतक्यांदा म्हटले की वस्तीतली पोरे त्याची नक्कल करत. तो कधी रागावला नाही.

कचऱ्याच्या पायथ्याशी खड्डे खणले गेले. काळा पाझर आधी एका खड्ड्यात अडवायचा, तिथे ढवळायचा, गाळ बसू द्यायचा आणि वरचे पाणी दुसऱ्या खड्ड्यातून पुढे सोडायचे. चुना नगरपालिकेने दिला, तेवढे तरी तिने केले. शेवग्याच्या शेंगा माणिकबाईच्या बांधावरच्या. वाळलेला गाळ लांब माळावर पुरला जाई. वस्तीतल्या बाया आणि मळ्यातल्या बाया एकाच दांड्याला हात लावून ढवळत. दरवेळी नवे पाणी आधी माझ्यात ओतून पाहिले जाई, कशाचे प्रमाण किती ते ठरवायला. हेच माझे काम झाले. मांडवाखालून उचलून मला इथे, बांधाशी आणले. सडकेवरचे लोक विचारत, "केशरबाई, तो गार पान्याचा रांजन कुठं गेला व?" ती म्हणायची, "कामावर गेला."

माणिकबाईची विहीर वाचली. नाल्याच्या काठाने पुन्हा मेथी उगवली, बेडूक परत आले. डोमाजीची विहीर मात्र वाचली नाही. जे जमिनीत आधीच मुरले होते, ते कोणत्याही तुरटीच्या हाती लागणारे नव्हते. दर उन्हाळ्यात केशरबाई काट्या बाजूला सारून एक बादली काढायची. पाणी दिसायला नितळ असायचे. ती त्याचा वास घ्यायची, बादली जमिनीवर रिकामी करायची आणि काट्या पुन्हा रचायची.

माणसे चांगली गोष्टही फार दिवस लक्षात ठेवत नाहीत. धर्मपालची बदली धारणीकडे झाली. चुना कधी यायचा, कधी यायचा नाही. ढवळणाऱ्या बाया म्हाताऱ्या झाल्या. माझा काठ एका खाचराच्या चाकाने फुटला, त्याकडे कोणी पाहिले नाही. तरी केशरबाई आणि माणिकबाई, दोघी मिळून, जमेल तसे करत राहिल्या.

मग एक दिवस बातमी आली. खदानीच्या बाजूला गावातल्या मोठ्या लोकांचे बंगले होणार होते. कचरा इथून हलणार! वस्तीत आनंद झाला. कोणी गूळ वाटला. माणिकबाई धावत मळ्यातून आली. सगळे बोलत होते, हसत होते. केशरबाई तेवढी बांधावर, माझ्याशेजारी, सडकेकडे पाहत बसली होती.

"काहून व, तुले बरं नाई वाटलं?" माणिकबाईने विचारले.

"गाड्या आता कुठं जातीन?" केशरबाई म्हणाली.

कोणालाच ठाऊक नव्हते. कोणी विचारलेच नव्हते. दुसऱ्या सकाळी कचऱ्याची पहिली गाडी नव्या जागेकडे निघाली, तेव्हा ती म्हातारी काठी घेऊन त्या गाडीच्या मागोमाग चालू लागली.

मित्रांनो, मी मातीचा आहे. मला तुम्हाला शिकवायचे काही नाही, फक्त विनवायचे आहे. तुमच्या दारातून केर उचलून नेला की तुमचे अंगण स्वच्छ होते, पण तो केर कुठेतरी पोहोचतो, आणि तिथेही जमीन असते, तिच्याखाली पाणी असते, ते पिणारी माणसे असतात. नितळ दिसणाऱ्या पाण्यावर लगेच विश्वास ठेवू नका. आणि गाडी कुठे रिकामी होते, हे आपण होऊन विचारा. घाण करून मग निवळत बसण्यात माझे सगळे आयुष्य गेले. ते तुमचे जाऊ नये.

केशरबाई ऊन उतरल्यावर परतली. पाय धुळीने पांढरे झाले होते. ती बांधाशी बसली, माझ्या अंगाला पाठ टेकवली. माणिकबाईने तिला पाणी दिले. ते तिने हातात धरून ठेवले, प्यायली नाही.

"काय हाये तिथं?" माणिकबाईने हळूच विचारले.

"लहानशी वस्ती हाये, उताराले," केशरबाई म्हणाली. "अन् नवी विहीर. बाया मुरूम वाहून राहिल्या."